एका गाडीचं ड्रायव्हिंग स्कूल

माझी धाकटी बहीण फुआतिनो वेलिंग्टनजवळच्या पोरिरुआत ड्रायव्हिंग स्कूल चालवते. स्कूल म्हणजे काय, तर एक पांढरी गाडी, तिच्या टपावरची पाटी, शिकवणाऱ्याच्या पायाशी बसवून घेतलेला जादा ब्रेक आणि बुकिंगचा फोन. तो फोन माझ्या एप्रनच्या खिशात असतो. मी वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करते. खांद्याला फोन दाबून धरायचा, हातातला तारोचा कंद सोलत राहायचं आणि विचारायचं, "मंगळवार चालेल की गुरुवार?" फुआतिनोला स्वतःला फोन घेणं जमत नाही. शिकवत असते तेव्हा घेता येत नाही, आणि शिकवत नसते तेव्हा ती लिहीत असते.

लिहिते म्हणजे रॅप लिहिते. आमच्या कॅनन्स क्रीक वस्तीत आमच्या वयाच्या कुणालाही विचारा, 'तोएलाऊ' म्हटलं की मान डोलायला लागते. तोएलाऊ म्हणजे तिकडे सामोआत वाहणारा सुखाचा वारा. इथला वारा माणसाचं वाळत घातलेलं अंथरूण शेजारच्या गल्लीत नेऊन टाकतो, म्हणून दोघांनी मुद्दाम तिकडच्या वाऱ्याचं नाव घेतलं होतं. दोघं म्हणजे फुआतिनो आणि इएती. तो ताल बांधायचा, ती शब्द. आमच्या गॅरेजच्या भिंतींना जुन्या गाद्या टेकवून त्यांनी जी गाणी केली, त्यातली दोन ऑकलंडला गेली, तिथून सिडनीला, होनोलुलूला. कुणाचा एकविसावा वाढदिवस असो की लग्न, ती वाजल्याशिवाय पोरं जेवायला बसत नसत.

मग इएतीच्या घरच्यांनी मेलबर्नला बिऱ्हाड हलवलं. तोही गेला, तिथे एका स्टुडिओत कामाला लागला. फुआतिनो म्हणाली, "तू हो पुढे, मी येतेच मागून." जायची सोय होईपर्यंत काहीतरी हवं म्हणून तिने स्कूल काढलं. आमच्या वडिलांनी जन्मभर बस चालवली होती, त्यामुळे दुसऱ्याच्या हातात स्टिअरिंग देऊन शांत बसायचं कसं ते आम्ही दोघी लहानपणीच बघून ठेवलं होतं. माझ्याकडून ते झालं नसतं. तिला ते इतकं जमलं की तात्पुरतं काढलेलं स्कूल पक्कं झालं. चर्चमधल्या बायका रांगेने यायला लागल्या. ज्यांचे नवरे आजवर गाडी चालवत होते आणि आता वारले होते, आजारी होते किंवा नुसतेच निघून गेले होते, अशा बायका. इंग्रजीत ओरडणाऱ्या मास्तरापेक्षा त्यांना सामोअनमध्ये हसवणारी पोरगी बरी वाटायची.

इएती तिकडून ताल पाठवायचा. ती गाडीत बसून ते ऐकायची. घरासमोर गाडी लावून ती अशी बसली असली की मी जेवायला हाक मारत नसे.

एकदा मी सरळ विचारलं, "तुझं प्रेम आहे का गं त्याच्यावर?"

"लोटे, तो दात घासताना पण तोंडाने ढोल वाजवतो," ती म्हणाली. "चार दिवसांत वेड लागेल मला."

एवढं बोलून ती हसली, आणि मग कितीतरी वेळ धुतलेलीच बशी पुन्हा पुन्हा पुसत राहिली.

जुलैत, आमच्या हिवाळ्यात, इएतीचा फोन आला. मेलबर्नला उन्हाळ्याच्या तोंडावर मोठा जलसा होणार होता, सगळ्या बेटांवरच्या लोकांचा, उघड्या मैदानावर. 'तोएलाऊ'ला बोलावलं होतं. नुसत्या त्याला नाही, दोघांना. ऑक्टोबरात ये, तालीम करू, जलशानंतर आणखीही कार्यक्रम मिळतील, असं तो म्हणाला. मी घरी स्वयंपाकघरात होते. तिने फोन ठेवला आणि टेबलाच्या कडेवर बोटांनी काहीतरी वाजवत राहिली.

"जाणार ना?" मी विचारलं.

"ऑक्टोबरपासून कुणाला वेळ देऊ नकोस," ती म्हणाली.

फोन माझ्या खिशात होता, तेव्हा 'स्कूल बंद राहील' हे सांगायचं कामही माझ्याकडे आलं. बहुतेकांनी समजून घेतलं. ज्यांनी नाही घेतलं त्यांनी मला चार शब्द ऐकवले आणि लोअर हट गावातल्या दुसऱ्या मास्तराचा नंबर घेतला. राहिल्या आंटी पेनिना.

आंटी पेनिना साठी ओलांडलेल्या, अंगाने भरदार, चर्चच्या गायकवृंदात पहिल्या रांगेतल्या. त्यांचा नवरा सिओ डायलिसिसवर होता, आठवड्यातून तीनदा केंद्रात जायचा. आधी तो स्वतःच गाडी चालवत जायचा. मग साखरेने त्याचे डोळे नेले. मुलं ब्रिस्बेनला. भाचे, शेजारी, चर्चमधली पोरं आळीपाळीने नेत होती, पण दर खेपेला कुणाला तरी विचारावं लागतं हे आंटींना सहन होत नव्हतं. म्हणून त्या उतारवयात गाडी शिकायला निघाल्या होत्या आणि टेस्टमध्ये दोनदा नापास झाल्या होत्या.

नापास का, तर सर्कलपाशी. गाडी त्या छान चालवायच्या, पण सर्कल आलं की थांबायच्या आणि सगळ्यांना जाऊ द्यायच्या. उजवीकडून येणाऱ्याला, समोरच्याला, सायकलवाल्याला, अगदी दूरवर कुणी दिसलं तर त्यालाही.

"आंटी, आता तुमची पाळी होती," फुआतिनो म्हणायची.

"अगं, तो बिचारा घाईत दिसत होता."

"तुम्हाला कसं कळलं?"

"तोंडावरून. आणि आपण मोठी माणसं, आपणच आधी घुसलो तर बरं दिसतं का?"

टेस्ट घेणाऱ्या बाईला हे संस्कार सांगून उपयोग नव्हता. मग फुआतिनोने त्यांच्यासाठी दोन ओळी बांधल्या. सामोअनमध्ये बांधल्या होत्या, अर्थ साधारण असा: 'आरशात बघ, खांद्यावरून बघ, सगळं बघून झालं ना, आता तू निघ.' डॅशबोर्डवर बोटं वाजवत ती ते म्हणायची. आंटी आधी लाजल्या, मग स्वतःच साथीच्या सुरात म्हणायला लागल्या. गायकवृंदातला आवाज तो. खिडक्या बंद असल्या तरी फुटपाथवरची माणसं वळून बघायची. सर्कल मात्र जमेना. ओळी म्हणायच्या आणि तरी थांबायच्या.

त्यांना फोन मी नाही केला. फुआतिनो स्वतः घरी गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात पानीकेकेचा, तळलेल्या गोड गोळ्यांचा, डबा होता आणि चेहरा उतरलेला.

"काय म्हणाल्या?"

"काहीच नाही. खायला घातलं. सिओंनी विचारलं, तिकडे किती लोक असतील ऐकायला? मी म्हटलं, बरेच. तर ते म्हणाले, मग मोठ्याने म्हण." ती खुर्चीत बसली. "आणि आंटी म्हणाल्या, विमानतळावर तुला मी सोडणार."

"त्यांच्याकडे शिकाऊ लायसन्स आहे."

"मी शेजारी बसेन ना. शेवटचा तास म्हणाल्या."

पोरिरुआहून वेलिंग्टनचा विमानतळ म्हणजे हायवे, मग घाटाचा उतार, शहर, बोगदा. आंटी आजवर गाडी घेऊन वस्तीतल्या रस्त्यांपलीकडे गेल्या नव्हत्या. गाडी परत आणायला कुणीतरी हवं म्हणून मी मागे बसले, फुआतिनोची बॅग मांडीवर घेऊन. आंटींनी चर्चला घालतात तो पांढरा पुलेतासी, लांब सामोअन पोशाख, घातला होता, कानामागे फूल. जणू त्यांनाच कुणी निरोप देणार होतं.

"घाबरलात का आंटी?" मी विचारलं.

"मी नाही. गाडी घाबरली असेल," त्या म्हणाल्या आणि निघाल्या.

हायवेवर वाऱ्याने गाडी एकीकडे ढकलायला सुरुवात केली. फुआतिनो नेहमीच्या आवाजात बोलत होती. हात हलके धरा, लांब बघा, ट्रक जाऊ द्या. उतारावर तिचा पाय जादा ब्रेकच्या वर अधांतरी होता, मला मागून दिसत होता. तिने तो एकदाही दाबला नाही. शहरातही सगळं नीट झालं. मग बोगदा आला. त्या बोगद्यात शिरलं की आमच्याकडे लोक गंमत म्हणून हॉर्न वाजवतात. आंटींना हे ठाऊक नव्हतं. मागच्याने वाजवला, समोरून येणाऱ्याने उत्तर दिलं, आणि बोगदा दुमदुमून गेला.

"काय झालं? मी काय केलं?" आंटी ओरडल्या.

"काही नाही, आंटी! खेळ आहे तो त्यांचा!"

"मेल्यांनो, म्हातारीशी खेळता?" असं म्हणत आंटींनी सगळा तळवा हॉर्नवर दाबला तो बोगदा संपेपर्यंत उचललाच नाही. बाहेर उजेडात आलो तेव्हा आम्ही तिघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होतो. फुआतिनोचं पाणी थांबेना. ती खिडकीबाहेर बघायला लागली.

विमानतळाच्या अलीकडे सर्कल आहे. आंटी थांबल्या. एक टॅक्सी गेली, एक बस गेली. मग रस्ता मोकळा झाला आणि आंटींनी आरशात बघितलं, खांद्यावरून बघितलं. तोंडातल्या तोंडात त्या काय म्हणाल्या ते आम्हा दोघींनाही कळलं. गाडी सर्कलमधून अशी सफाईने गेली की फुआतिनोने आधी त्यांच्याकडे आणि मग मागे वळून माझ्याकडे बघितलं.

उतरताना आंटींनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "माझ्यासाठी परत यायचं नाही, पोरी. कळलं? इतरही कुणासाठी नाही. तुला यावंसं वाटलं तर ये."

"टेस्टच्या दिवशी फोन करा, आंटी."

"पास झाले तर करीन. नाही तर सिओ करील. वाईट बातम्या तो छान सांगतो."

जलसा मी वृद्धाश्रमातच बघितला, दुपारच्या सुट्टीत, इएतीच्या कुणा बहिणीने फोनवरून थेट दाखवला म्हणून. आंटी पेनिनाही आल्या होत्या. आमच्या आश्रमातल्या दोन आज्या खुर्च्या ओढून बसल्या. आधी नुसती गर्दी दिसत होती, डोकी आणि झेंडे. मग ताल सुरू झाला आणि ती आली. अंगात साधाच काळा शर्ट. पहिली ओळ म्हटली आणि माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. घरात माझ्याशी कोथिंबिरीवरून भांडणारी ही बाई, रस्त्यावर "आंटी, इंडिकेटर!" म्हणणारी ही बाई, हिच्यात एवढा आवाज कुठे असतो एरवी? जुनं गाणं आलं तेव्हा मैदान तिच्या आधी म्हणायला लागलं. ती थांबली आणि नुसती ऐकत उभी राहिली, माईक खाली घेऊन. इएती मागे, यंत्रांच्या टेबलाशी, मान खाली. तिने वळून त्याच्याकडे बघितलं. त्यानेही मान वर केली. एवढंच.

"राहिली ती आता तिकडेच," आंटी पेनिना म्हणाल्या. वाईट वाटून नाही, पावसाचा अंदाज सांगावा तसं.

राहिली खरी. आणखी कार्यक्रम मिळाले, लहानमोठे. मध्ये मध्ये मोकळे आठवडे. दिवसा ती पावाच्या कारखान्यात पॅकिंगला जायची आणि इएतीचा स्टुडिओ रिकामा होण्याची वाट बघायची. तो रिकामा व्हायचा तेव्हा दोघंही थकलेले असायचे. आम्ही रविवारी, चर्चनंतर, फोनवर बोलायचो.

"स्कूलचा फोन वाजतो का गं?" हा तिचा पहिला प्रश्न असायचा.

"वाजतो. बंद आहे म्हणून सांगते."

"कोण होतं?"

"ती बेकरीवाली. नव्वद किलोमीटरच्या बोर्डाखाली चाळीसने जाणारी."

"तिला सांग, आधी सकाळी लवकर सराव कर, रस्ता मोकळा असतो. आणखी कोण होतं?"

मी एकेकीचं नाव सांगायची. ती प्रत्येकीबद्दल विचारायची, कुणाची मान वळत नाही, कुणाला उजवं-डावं कळत नाही. गाण्याचं विचारलं की म्हणायची, "चाललंय." एके रविवारी मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "लोटे, आल्यापासून मी एक नवी ओळ लिहिली नाही. जुनंच म्हणते सगळीकडे. त्यांना तेच हवं असतं."

"वेळ मिळत नसेल."

"वेळ आहे. बसते. समोर भिंत असते." मग म्हणाली, "तिकडे एक शिकवणी संपून दुसरी सुरू होईपर्यंत गाडीत बसले की ओळ येत असे. बाईला घरी सोडलं, ती दार लावून हात हलवत आत गेली, की पुढचीच्या दारात पोचेपर्यंत काहीतरी आलेलं असे."

आंटी पेनिना डिसेंबरात पास झाल्या. लोअर हटच्या मास्तराबरोबर गेल्या होत्या. फोन त्यांनी स्वतः केला, मेलबर्नला, टेस्टच्या ऑफिसच्या पायरीवरूनच. मग मला केला. "पोरगी एकदम गप्प झाली गं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं फोन तुटला. मग म्हणाली, आंटी, मी तिथे असायला हवं होतं. मी म्हटलं, तू नव्हतीस म्हणून तर मी पास झाले. तू असलीस की मला हसू येतं." हे सांगताना त्या हसल्या, आणि त्यांना जरा बोचलंही असावं. कारण पुढे म्हणाल्या, "बोलायला नको होतं का मी तसं?"

फेब्रुवारीत एका दुपारी मी कामावरून आले तर फुआतिनो पायरीवर बसलेली, शेजारी बॅग. गाडीवरची ताडपत्री तिने काढून ठेवली होती.

मी तिला आधी खायला घातलं. मग विचारलं, "भांडलात?"

"नाही."

"त्याने अडवलं नाही?"

"त्याने माझी बॅग उचलून गाडीत ठेवली. मग म्हणाला, बेल्ट लाव." ती ताटातला मासा उगाच उकरत होती. "विमानतळावर सोडलं. वाटेत तोंडाने ढोल पण वाजवला नाही."

"मग तुला नक्की हवंय काय?" मला राग आला होता. कोणाचा, तेही नीट सांगता येणार नाही. "तिकडे असलीस की इकडचं, इकडे असलीस की तिकडचं!"

"दोन्ही," ती म्हणाली. "एकाच गावात."

मी तिच्या ताटात आणखी भात वाढला.

स्कूल पुन्हा सुरू झालं. माझ्या एप्रनचा खिसा पुन्हा वाजायला लागला. बेकरीवाली आली, तिची जाऊ आली. आणि दोन शिकवण्यांच्या मधल्या वेळात फुआतिनोला खरोखरच ओळी यायला लागल्या. या गाण्यांत कॅनन्स क्रीकच्या आंट्या होत्या, त्यांचे पाय सुजलेले नवरे होते, केंद्राच्या प्रतीक्षाखोलीत विणत बसलेल्या बायका होत्या. गाडीच्या काचा वर करून ती फोनमध्ये म्हणायची आणि पाठवून द्यायची. इएती त्याला ताल लावून परत पाठवायचा. नवी गाणी जुन्यांइतकी दूर गेली नाहीत. पण जी माणसं ऐकायची ती पुन्हा लावायची.

ताल आला की ती लगेच ऐकत नसे, हे माझ्या लक्षात आलं. दिवसभर फोन तसाच ठेवायची. सगळे तास संपवून घरासमोर गाडी लावली की मग. खिडकीतून मला तिचं डोकं दिसायचं, आधी हलणारं, मग स्थिर. ताल केव्हाच संपलेला असायचा. ती बसून राहायची.

मे महिन्यात सिओंचा सत्तरावा वाढदिवस झाला, शनिवारी दुपारी, चर्चच्या हॉलमध्ये. आंटी पेनिनांनी त्यांना स्वतः गाडीतून आणलं आणि अगदी पहिल्या खुर्चीवर बसवलं. जेवणं झाली, भाषणं झाली, मुलांनी ब्रिस्बेनहून पाठवलेली माळ गळ्यात पडली. मग आंटी म्हणाल्या, "फुआतिनो, यांना काहीतरी ऐकव. यांनी तुला मोठ्याने म्हणायला सांगितलं होतं, पण तिकडचं यांना ऐकू आलं नाही."

हॉल हसला. ती हात पुसत स्टेजवर गेली. तिने केंद्राच्या प्रतीक्षाखोलीचं गाणं म्हटलं, तेव्हा अजून नवं होतं ते. सुरुवातीला लोक हसत होते, कारण त्यात हसण्यासारखं होतं, नर्सला टोपण नावं ठेवणारे म्हातारे वगैरे. मग हळूहळू हसू थांबलं. सिओंनी चेहरा आवाजाच्या दिशेने वर केला होता आणि बोटांनी खुर्चीच्या हातावर ताल धरला होता. आंटी त्यांच्या मागे उभ्या होत्या, दोन्ही हात त्यांच्या खांद्यांवर.

मी कडेला होते, सरबताच्या भांड्यापाशी. तिथून मला जाणवलं की ती स्टेजच्या अगदी डाव्या टोकाला उभी आहे. उजवीकडचं सगळं स्टेज मोकळं. ताल फोनवरून, हॉलच्या स्पीकरमधून येत होता, आणि जिथे इएतीची पाळी होती, जिथे तो नुसता वाजवतो आणि ती थांबते, तिथे ती त्या मोकळ्या बाजूला वळून उभी राहिली. तेवढा वेळ तिने लोकांकडे बघितलं नाही. तिची पाळी आली तशी ती पुन्हा वळली.

उतरल्यावर मी तिला सरबत दिलं. "मध्ये उभं राहायचं की गं," मी म्हटलं. "अर्ध्या लोकांना तू दिसत नव्हतीस."

तिने एका दमात ग्लास संपवला.

"पुढच्या वेळी," ती म्हणाली, आणि आंटी पेनिनांना खुर्च्या उचलू लागायला गेली.